नेरी, झिला आणि पप्पांची झोप

पप्पा कामावरून आले की आई त्यांच्या तोंडाकडं बघायच्या आधी त्यांच्या हातांकडं बघायची. एकटी आमची आईच नव्हे, निघोज्यातल्या आमच्या पत्र्याच्या चाळीत ज्या ज्या घरातला माणूस कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर होता, त्या सगळ्या घरांतल्या बायकांची हीच रीत होती. पप्पा सायकल भिंतीला लावायचे, डबा खाली ठेवायचे, आई तांब्या पुढं करायची आणि त्यांनी तो धरला की तिची नजर एकदा बोटांवरून फिरायची. दहा भरली की मग "आज उशीर झाला का हो?" शेजारच्या देवकरकाकांची दोन बोटं एका रात्रपाळीत अशीच गेली होती. मशीन चांगली होती, माणूसही जुना होता, फक्त क्षणभर डोळा लागला होता. तेव्हापासून आईच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की बोटं मशीन नेत नाही, अपुरी झोप नेते. लोकांच्या घरी सोवळं असतं, आमच्या घरी पप्पांची झोप होती.

दर तिसऱ्या आठवड्याला पप्पांची थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, यायची आणि आमचं घर मुकं व्हायचं. घर म्हणजे एकच खोली. एका बाजूला मोरी आणि ओटा, मधे साडीचा पडदा, पलीकडं पप्पांची लोखंडी कॉट, आणि कॉटच्या पायथ्याशी टीव्ही. त्या आठवड्यात कुकर फळीवर जायचा, शिट्टी नको म्हणून. भात पातेल्यात, डाळ सकाळपासून भिजवलेली, आणि भाकऱ्या आई अशा थापायची की परातीला कळू नये. तिच्या काचेच्या बांगड्या खुंटीवर असायच्या. घरमालकीण म्हातारी दारात येऊन "पोरी, पानी आलं व्हय गं?" असं तिच्या सवयीनं ओरडली की आई दोन्ही हात जोडून तिला गप्प करायची. म्हातारी मग स्वतःच्याच तोंडावर पदर धरायची. "न्हाई न्हाई, झोपू दे बाई त्याला." बाहेर महामार्गाकडं नव्या गाड्या लादलेले ट्रेलर घरघरत जायचे, गावातल्या एका लहान वर्कशॉपमधली प्रेस दिवसभर धडधडायची, आणि त्या आवाजात पप्पा बिनघोर झोपायचे. त्यांना जाग यायची ती घरातल्या आवाजानं. चमचा पडला तरी.

अशा आठवड्यात टीव्हीचा आवाज बंद. आणि रोज चारला तर 'कोहरागढ' लागायचं. हिंदीत आणलेली कुठल्यातरी परदेशातली कार्टून मालिका होती ती. धुक्यात बुडालेलं एक राज्य, त्यात राजाचा किल्ला, किल्ल्यात एक दिवा, तो विझला की धुकं आत शिरणार. दिवा सांभाळायची राजाची मुलगी नेरी. मग एक दिवस धुक्यातून होडी येते आणि तिच्यात झिला असते, नावाड्यानं वाढवलेली अनाथ पोर. दिवा झिलाच्या हातात जास्त उजळतो. इथून पुढं सगळं भांडण. आता मोठेपणी सांगायला बसलं की चार ओळींत संपतं, पण आठवीतल्या मुलीला ते सगळं जग होतं. शाळा सकाळची, एकला घरी, चारपर्यंत जीव टांगलेला. पप्पांची फर्स्ट किंवा सेकंड असली की आवाजासकट बघायचं, थर्ड असली की नुसती चित्रं. एकुलती एक पोर मी, त्या मुक्या आठवड्यांत टीव्हीसमोर येड्यासारखी बसून राहायचे. शीतल येईपर्यंत.

शीतल माझी आतेबहीण. आत्याचं गाव जालन्याकडं, तिथली शाळा सातवीपर्यंत. आत्याचा नवरा सुरतेला कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही, आणि आत्या दुसऱ्यांच्या शेतात जायची. पोरगी हुशार, तिचं शिक्षण थांबता कामा नये म्हणून पप्पांनी बहिणीला शब्द दिला, "दहावी होईस्तोवर माझ्याकडं राहील." आमच्यात शिक्षणासाठी दिलेला शब्द कुणी मोडत नाही. एका पिशवीत दोन ड्रेस आणि फडक्यात बांधलेले धपाटे घेऊन ती आली. पंधरा दिवस मी हवेत होते. घरात बोलायला कुणीतरी आलं होतं, माझ्याच वयाचं. मग पप्पांची थर्ड शिफ्ट लागली आणि केळ्याचा दिवस उजाडला.

थर्ड शिफ्टवरून सकाळी येताना पप्पा कॅन्टीनमधलं केळं न खाता माझ्यासाठी आणायचे. एकच मिळायचं. त्या सकाळी त्यांनी ते मोडलं आणि मोठा तुकडा शीतलला दिला. "पाहुणी आहे ना ती," म्हणाले. मी हसले सुद्धा. पण तो तुकडा केवढा होता ते मला आजही बोटानं दाखवता येईल. मी जळकुकडी आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. माझी लेक मला तोंडावर म्हणते, तर तुमच्यापासून काय लपवायचं?

त्याच दिवशी चारला मी नेहमीसारखी मुकी चित्रं बघत बसले होते. नेरी तोंड हलवत होती. शेजारी शीतल मांडी घालून बसलेली. एकाएकी माझ्या कानाशी बारीक कुजबुज आली, "ह्या किल्ल्यात पाव्हणे आले की आधी जेवू घालतात, नंतर भांडतात. तुम्ही उलटं कामून करायले?" पडद्यावर झिलाचं तोंड बरोबर तेवढ्याच वेळ हललं होतं. मी तोंडात ओढणी कोंबून हसले. पंधरा मिनिटांत तिनं राजा, नावाडी, पहारेकरी आणि एक बोलकं घुबड, सगळ्यांना आवाज दिले. घुबड आमच्या घरमालकिणीसारखं बोलायचं. त्या दिवसापासून मुके आठवडे हेच आमचे खरे आठवडे झाले. आवाजाच्या आठवड्यांत मालिका जरा पानचट वाटायची.

आणि आवाज नसल्यामुळं शीतलला एक गोष्ट दिसली, जी मला कधी दिसली नसती. तिनं रफ वहीत पान आखलं, परीक्षेत असतं तसं, 'जोड्या लावा'. अ गटात नेरी, ब गटात झिला. नेरी घाबरली की डावा हात दाराच्या चौकटीवर ठेवते, झिला घाबरली की डावा हात होडीच्या काठावर ठेवते. नेरीची आई एका फोटोत, झिलाची आई एका गाण्यात. राजा लंगडतो, नावाडीही लंगडतो. नेरी दिव्याकडं पाठ करून झोपते, झिला धुक्याकडं. रेघांनी पान भरून गेलं होतं.

"बघ," ती म्हणाली, "दोघी एकच आहेत. चित्र काढणाऱ्यानं मुद्दाम केलंय. त्यांना दोघींनाच ते ठाऊक नाही."

"एकच कशा असतील?" मी म्हणाले. "एक चांगली आहे, एक वाईट आहे."

"वाईट कोण मग?"

"नेरी. जळते ना ती."

शीतलनं पुन्हा पेन उचललं. मग पानाच्या खाली तिनं अजून चार ओळी लिहिल्या. राजा म्हणजे मामा. घुबड म्हणजे म्हातारी. झिला म्हणजे शीतल. आणि नेरीच्या पुढं तिनं माझं नाव लिहिलं, वैशाली. "तुझं तर घर आहे ना," ती सहज म्हणाली, "मग तू नेरीच." मला झिला व्हायचं होतं. सगळ्यांनाच झिला व्हायचं असतं. रात्री जेवताना तिच्या ताटातली शेंगदाण्याची चटणी मी मुद्दाम संपवली, एवढं आठवतंय.

त्यापुढच्या थर्ड शिफ्टची गोष्ट. संध्याकाळी पप्पा उठले, तोंड धुतलं, चहा घेतला, आणि टॉवेल खांद्यावर टाकता टाकता शीतलला म्हणाले, "मग काय झालं गं त्या झिलाचं? होडी मिळाली का तिला?"

पप्पा झोपलेले नव्हते! कॉटवर भिंतीकडं तोंड करून डोळे मिटून पडायचे आणि शीतलची कुजबुज ऐकायचे. दुसऱ्या दिवशी मी नेरीचे संवाद म्हणता म्हणता चोरून मागं बघितलं. शीतल बोलायला लागली की पप्पांच्या पाठीला हसू यायचं. हो, पाठीला, पाठ हलायची. मी बोलायला लागले की हलायची नाही. मी आवाज बदलून बघितला, विनोद करून बघितला, एकदा घुबडही करून बघितलं. पाठ ढिम्म. माझ्या जन्मापासून त्या माणसानं मला 'अभ्यास झाला का' आणि 'जेवलीस का' याखेरीज तिसरा प्रश्न विचारला नव्हता, आणि हिला विचारत होते झिलाच्या होडीचं. तेव्हा मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला ती मेलेली नको होती, आजारी नको होती, मला ती फक्त तिथं नको होती.

मी खोटं बोलले नाही, हीच त्यातली खरी वाईट गोष्ट आहे. आई परातीत मेथी निवडत होती, मी शेजारी बसले, एक जुडी ओढली आणि म्हणाले, "आई, पप्पा दुपारी झोपत नाहीत गं. शीतल कुजबुजते ना, ते ऐकत जागे पडतात."

आईचा हात थांबला. "किती दिवस?"

"पहिल्यापासून."

तिनं पडद्याकडं बघितलं. पलीकडं पप्पा होते आणि तिला त्यांची बोटं दिसत असणार. तुम्ही म्हणाल, पोरीला गप्प बसायला सांगितलं असतं तर भागलं नसतं का? मी स्वतःलाही बरीच वर्षं तेच सांगत होते, की मला वाटलं, शीतलला एक दटावणी बसेल, बास. पण एका खोलीत दोन वाढत्या पोरी आणि दिवसा झोपणारा माणूस, याचा ताण आईला आला होता, हे मला दिसत होतं. मला नेमकं कुठं बोट ठेवायचं ते ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तिनं पप्पांना सरळ सांगितलं, "आक्कांना निरोप धाडा. लेकराला घेऊन जा म्हणावं. शिक्षण मोठं आहे, मला कबूल आहे, पण तुमची बोटं गेली तर दोघींचंही शिक्षण जाईल."

पप्पा चिडले. "शब्द दिलाय मी तिला. आणि तुला कुणी सांगितलं मी झोपत नाही म्हणून?"

"वैशूनं सांगितलं. तिला आहे तुमची काळजी. तुम्हाला नाही."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली होती. ते आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो जड, ग्रीसचा वास येणारा. "माझी पोरगी," म्हणाले. मला तेवढंच हवं होतं आणि ते मला मिळालं. मोरीत शीतल भांडी घासत होती. तिचा हात क्षणभरही थांबला नाही, म्हणून मी समजले, तिला काही ऐकू गेलं नाही.

आत्या शनिवारी येणार होती. शुक्रवारी आमचं शेवटचं कोहरागढ, मुकं; शेवटचं म्हणून आईनंही अडवलं नाही. नेमका त्याच दिवशी मोठा भाग. राजा आजारी पडलेला, नेरी दारात येते, डावा हात चौकटीवर ठेवते, मग राजाच्या उशाशी जाऊन त्याच्या कानात काहीतरी सांगते. राजा डोळे मिटतो. पुढच्या चित्रात झिलाला होडीत बसवून धुक्यात सोडलेलं. नेरीला आवाज द्यायची पाळी माझी होती. माझं तोंड उघडेना. नेरीचे ओठ हलत होते आणि खोलीत फक्त पंख्याची टकटक. शेवटी शीतलनंच माझं वाक्य उचललं, माझ्याच आवाजात, हळूच, "बाबा, झिलाला घोंगडी द्या बरं का. धुक्यात लई गारठा असतोय."

पप्पांची पाठ हलली नाही त्या दिवशी.

ती गेली. पुढच्या थर्ड शिफ्टला मला अख्खं केळं मिळालं. ते मला गोड लागलं, हे लिहिताना लाज वाटते, पण लागलं. कोहरागढ पुढं दोन-अडीच महिने चाललं आणि मी ते शेवटपर्यंत बघितलं. पप्पांनी पुन्हा कधी विचारलं नाही, झिलाचं काय झालं म्हणून. दुपारी ते खरोखर झोपायला लागले, घोरायचे सुद्धा. शीतलच्या गावात तेव्हा दिवसातले निम्मे तास वीज नसायची, आणि असती तरी आत्याच्या घरी टीव्ही कुठला? तिची शाळा दोन वर्षं सुटली. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून दहावी झाली, मग लग्न, दोन मुलं, आणि आता ती त्याच गावात अंगणवाडी चालवते. पोरं तिच्या अंगाखांद्यावर असतात. तिच्या गोष्टी ऐकायला म्हणे शाळेतली मोठी पोरंही मधल्या सुट्टीत येऊन बसतात. हे मला कुणी सांगितलं की मी 'वा' म्हणते आणि मला मनातून काय वाटतं ते मी इथं पुन्हा लिहीत नाही.

पप्पा दहा बोटांनिशी रिटायर झाले. प्रेसनं त्यांची बोटं सोडली आणि कान घेतले. आई गेल्यापासून ते चऱ्होलीला माझ्या फ्लॅटवर असतात. खिडकीसमोर अजून दोन टॉवर उठतायत, त्यांचा दिवसभराचा दणदणाट आम्हाला नकोसा होतो, पप्पांना पत्ताच नाही. ऐकायचं मशीन कानात लावून दिलं तर ते काढून उशीखाली ठेवतात. पण कुणीही पाहुणा आला की दोन्ही पंजे पसरून दाखवतात. "ही दहाच्या दहा शाबूत आहेत ती आमच्या वैशूमुळं. लहान होती, पण आईला जाऊन सांगितलं, पप्पा झोपत नाहीत. नाहीतर देवकरसारखं झालं असतं." पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघतात. मी पोहे आणायला आत जाते. इतकी वर्षं मी ते कौतुक खात आले, त्या केळ्यासारखंच.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीनं कुठूनतरी कोहरागढ शोधून काढलं, सगळे भाग, आणि टीव्हीवर लावलं. दुपार होती. पप्पा खुर्चीत, मी सोफ्यावर मटार सोलत. तिनं नेमका तोच भाग लावला. लावला म्हणजे क्रमानं आला, तिचा काय दोष? नेरी दारात आली, हात चौकटीवर ठेवला, राजाच्या उशाशी गेली. त्या भागातला तिचा आवाज मी पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा ऐकला. अगदी कोवळा, रडवेला आवाज होता. "पिताजी, इसे भेज दीजिए। जब तक ये यहाँ है, आप मेरी तरफ़ देखते ही नहीं।"

मी मटाराचं ताट बाजूला ठेवलं.

"काय म्हणाली?" पप्पांनी विचारलं. त्यांना ओठ हललेले दिसले होते.

मी उठून त्यांच्या कानाशी गेले. कानाशी म्हणजे ओरडावंच लागतं. "म्हणाली, हिला पाठवून द्या! ही असली की तुम्ही माझ्याकडं बघतच नाही!"

"हॅट्," पप्पा हसले. "काहीतरीच सांगते. घोंगडी द्या म्हणाली ती. धुक्यात गारठा असतो म्हणाली. शीतलनं सांगितलं होतं की." आणि पडद्यावर होडी धुक्यात गेली तसे म्हणाले, "शीतलला लाव बरं फोन. तोंड दिसतं तो लाव."

मी व्हिडिओ कॉल लावला. शीतल अंगणवाडीच्या ओट्यावर बसली होती, मागं पोरांचा गलका. "बोल वैशू," म्हणाली. 'कशी आहेस', 'पाऊस काय म्हणतो', यातलं मी काही विचारलं नाही. पप्पांना काही ऐकू येत नाही या भरवशावर मी एकदम विचारलं, "शीतल, मी आईला काय सांगितलं होतं ते तुला ठाऊक होतं का गं?"

ती हसायला लागली. "एका खोलीत राहत होतो बाई आपण. संध्याकाळी मामी मामाला 'वैशूनं सांगितलं' म्हणायली आणि मी मोरीत भांडे घासायले. मधी साडीचा पडदा. ऐकू येणार नाही का?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? खरंच तर होतं. मामा जागे असायचे, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर मी जास्तीच रंगवून सांगायचे. तुझे सुद्धा डायलॉग मीच मारायचे. मी काय कमी होते?"

"काय म्हणते?" पप्पांनी माझा दंड हलवला.

मी त्यांच्याकडं वळले. शीतल पडद्यावर होती, लेक दारात उभी होती, आणि ही गोष्ट हळू आवाजात सांगायची सोय आमच्या घरात उरलेली नव्हती. "पप्पा!" मी ओरडले. "मी आईला तुमच्या बोटांसाठी सांगितलं नव्हतं! मला शीतल नको होती, म्हणून सांगितलं होतं!" समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला.

पप्पांनी आपले दोन्ही हात मांडीवर घेतले, पालथे केले, उताणे केले. मला वाटलं, आता बोलतील, किंवा निदान रागावतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. फोन माझ्या हातून घेतला, तोंडाजवळ धरला, आणि त्यांना स्वतःला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं विचारलं, "शीतल, मग पुढं काय झालं गं त्या झिलाचं?"

शीतलचं हसू थांबलं. मागच्या पोरांना तिनं हातानं गप्प केलं.

"मला काय माहीत मामा," ती म्हणाली. "पुढचं मी कुठं बघितलं? वैशूला विचारा."

पप्पा फोन तसाच धरून माझ्याकडं वळले.

"काय म्हणते?"